भोंग्यावरची हाक

जस्बिया तळ्याशी पोचली तेव्हा तिच्या म्हशीचं नाक आणि शिंगं तेवढी पाण्यावर होती. बाकीची नौफा स्टेडियमच्या मालकीच्या पाण्यात बुडालेली होती, आणि काठावर पहारेकरी मुतशर शिट्टी फुंकून फुंकून लालेलाल झाला होता.

"खाला, ही तुझीच ना? काढ बाहेर! आत्ता आखातातले पाहुणे येतायत, फुटबॉलच्या कमिटीचे. मॅनेजर उस्ताद लबीब माझी सालटी काढतील."

"शिट्टीनं म्हैस उठते होय रे? तिनं काय फाउल केलाय?"

पिढ्यान्‌पिढ्या जिच्यात राहिले ती दलदल आटली तेव्हा जस्बिया आणि तिचे भाऊबंद म्हशी घेऊन या शहराच्या कडेला, स्टेडियमच्या पाठीमागं येऊन पडले होते. दलदल आपोआप आटत नाही. वर कुणीतरी पाणी अडवतं आणि खाली कुणीतरी गप्प बसतं. वस्तीच्या नळाला पाणी आलं तर आलं, आणि आलं की असं खारट, की चहात साखर घालायची लाज वाटावी. तळ्यात मात्र गोडं पाणी होतं. ते कुणी पीत नव्हतं. टीव्हीवर छान दिसायचं, एवढंच त्याचं काम.

उन्हानं नौफाच्या कातडीला भेगा पडल्या होत्या. दूध आटत चाललं होतं. नौफाचं दूध आटलं की घर आटणार, कारण रोज पहाटे डोक्यावर थाळा घेऊन जस्बिया विकायची ती तिच्याच दुधाची जाड साय. उस्ताद लबीबसुद्धा ती खजुराच्या पाकाशी खाऊनच कामावर यायचे. म्हणून आज नौफा दोर तोडून पळाली तेव्हा जस्बियाला आधी राग आला, आणि तळ्यात बसलेली दिसली तेव्हा हेवा वाटला.

उस्ताद लबीब आले ते कोट-टाय घालून, त्या भट्टीतसुद्धा.

"हे काय आहे?"

"म्हैस, उस्ताद," मुतशर म्हणाला.

"ते दिसतंय मला! पाहुणे विमानतळावरून निघाले. बाहेर निघत नसेल तर पोलिसांना बोलवा आणि गोळी घाला."

जस्बिया त्यांच्या आणि तळ्याच्या मध्ये उभी राहिली. "उस्ताद, जनावर आहे. तापलंय. संध्याकाळी धारेच्या वेळी आपसूक निघेल."

"संध्याकाळी पाहुणे परत गेलेले असतील, बाई! मुतशर, कारंजं सोड. घाबरून पळेल."

कारंजं सुटलं. नौफानं मान वळवली, शांतपणे पोहत त्याच्या बरोब्बर खाली गेली आणि डोळे मिटले. अशी मौज तिच्या आईलाही मिळाली नव्हती.

"बंद कर!"

मुतशरनं चाक फिरवलं. चाक हातात आलं. कारंजं चालूच.

"आता हाक मार तिला," लबीब जस्बियाकडं वळले. जस्बियानं मारली, पण कारंज्याच्या धबधब्यापुढं ती काठावरच विरली. लबीबनी वर पाहिलं. स्टेडियमच्या चारी कोपऱ्यांवर भलेमोठे भोंगे होते.

"चल वर. माइकवरून हाक मार."

"भोंग्यातून नको, उस्ताद. ऐका माझं. आमची हाक म्हणजे..."

"सबबी नकोत! तुम्हा लोकांना मी ओळखतो. तिथं जाऊन मुद्दाम बारीक आवाज काढशील. अब्बासची शप्पथ घे, जीव ओतून हाक मारीन म्हणून."

मुतशरनं शिट्टी खिशात टाकली. या मुलखात बाकीच्या शपथा माणसं पाण्यासारख्या पितात. तहानलेल्या लेकरांसाठी पाणी आणताना शहीद झालेल्या अब्बासच्या शपथेपुढं मात्र गुंडसुद्धा खरं बोलतो. जस्बियानं लबीबकडं नीट पाहून घेतलं.

"तुम्ही घ्यायला लावताय, बरं का. घेतली."

माइकसमोर उभी राहिल्यावर तिला कळेना, आवाज कुठून काढायचा. वस्तीत म्हैस दाराशीच बांधलेली. तिला कोण हाक मारतं? शेवटची हाक मारली ती बोरूच्या बेटांवरून, पाण्यावर तांबूस ऊन पडलेलं असताना, आणि लांबून शेकडो शिंगं आपापल्या घरांकडं निघालेली असताना. ते पाणी आता नव्हतं. ती बेटं नव्हती. तिनं डोळे मिटले आणि शप्पथ पाळली.

लांबलचक, चढत जाणारी ती हाक चारी भोंग्यांतून शहरावर पसरली. खाली मुतशरनं डोळे पुसले. त्याची आईही दलदलीतलीच. नौफानं मात्र चारी दिशांना पाहिलं, गोंधळली, आणि आणखी मधोमध जाऊन बसली.

मग वस्तीकडून धूळ उठली.

"हे काय आता?" लबीब म्हणाले.

"तेच सांगत होते," जस्बिया माइकवरूनच म्हणाली, त्यामुळं सगळ्या शहरानं ऐकलं. "आमच्या कुळातल्या सगळ्या बायकांची हाक एकच आहे."

वस्तीतल्या झाडून सगळ्या म्हशी दोर, खुंटे आणि एका घराचा दरवाजा ओढत आल्या. फाटक गेलं, फुलझाडं गेली, पाहुण्यांसाठी अंथरलेला लाल गालिचा शिंगात घेऊन एक म्हैस सगळ्यांत आधी पाण्यात उतरली. तळं काळं झालं. त्याच क्षणी गाड्या येऊन थांबल्या.

पाहुण्यांचे प्रमुख उतरले आणि बघतच राहिले. "आमच्याकडं अशा तळ्यात बदकं सोडतात," ते हळूच म्हणाले. "तुम्ही तुमची दलदलच आणून ठेवलीत. हे ठरवून केलंत?"

"अर्थात!" धावत खाली आलेले लबीब म्हणाले. "सगळं योजनेप्रमाणं."

"उस्ताद, शप्पथ तेवढी घेऊ नका," मुतशर कानात पुटपुटला.

पाहुण्यांनी फोटो काढले, लबीबची पाठ थोपटली. ते गेले तोवर राजधानीतून साहेबांचा फोन आला होता: शाबास, सामन्यांच्या दिवशीही हेच पाहिजे. ज्यांनी दलदल आटताना फोन उचलला नव्हता, तेच हे साहेब.

ऊन उतरलं. जस्बियाच्या साध्या हाकेवर नौफा एकदाची काठाला आली. तिची कास भरली होती. जस्बियानं कासेवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

लबीब टाय सैल करत जवळ आले. "खाला," पहिल्यांदाच ते तिला मावशी म्हणाले, "सामन्याच्या दिवशी म्हशी आणायच्या. पण थोड्याच. आणि अशा नाही. आधी घरी स्वच्छ धुऊन आणायच्या."

"आणते की," जस्बिया म्हणाली. "कुठल्या पाण्यानं?"

लबीबनी वस्तीकडं पाहिलं, मग तळ्याकडं. 

"धुवायलाही इथंच आण," शेवटी ते म्हणाले, आणि कुणी ऐकलं नाही ना, हे वळून पाहिलं.

"रोज?"

"रोज."

"शप्पथ घ्या," जस्बिया म्हणाली.