ओच्यातली वीट

"लेकीची पाठ ठणकतीया म्हनं. बाळंतिणीला शेक नको व्हय?" असं म्हणत चांगुणाबाईंनी चुलीत तापवलेली वीट जाड टॉवेलात गुंडाळली आणि लुगड्याच्या ओच्यात खोचली.

"दवाखान्यात चालत न्हाय आसलं," नवरा हणमंत कुरकुरला.

"दावायचीय कुणाला?"

होटगीहून रिक्षानं दोघं सोलापुरात आली. दवाखान्याच्या दारात कॅमेरा, शेजारी टीव्ही. अंगाला हात न लावता ताप ओळखायचं मशीन. चांगुणाबाई पुढं झाल्या तसं ते कोकलायलाच लागलं. टीव्हीवर बाकी बाई हिरवी-पिवळी, पोट तेवढं लालभडक!

दारावरचा वॉचमन संघपाल चक्रावला. "मावशी, ताप हाय तुमाला."

"कपाळाला हात लावून बघ की!"

"हात लावायचा न्हाय म्हणून तर मशीन बसवलंय. तापवाल्याला बाळंतिणीकडं सोडत न्हाय. बसा तितं पंख्याखाली."

भेटायची वेळ संपत आलेली. नातीचं तोंड अजून बघितलेलं नव्हतं. पंख्याखाली बाई गार झाली, वीट कुठली होतीय!

"आण हिकडं," हणमंत कुजबुजला. "गड्याच्या पोटाकडं कोण बघतंय?"

खांबाआड वीट धोतरात गेली. चांगुणाबाई सुटल्या. मागून हणमंत निघाला, आणि मशीननं पुन्हा बोंब ठोकली.

"आयला! मावशीचा ताप काकांला लागला!"

रांग चार पावलं मागं सरकली. एकानं तर नाकाला रुमालच लावला. आरडाओरडा ऐकून रुद्राणी सिस्टर धावत आल्या.

"काका, काय आहे पोटावर?"

"...वीट हाय, सिस्टर."

"वीट?"

"शेकायची."

"अहो, सिझरचे टाके आहेत पोरीला! शेकबिक काही द्यायचा नाही. ठेवा ती इथंच, आणि पळा वर. पाच मिनिटं राहिलीत."

वर लेकीच्या, ऋतुजाच्या कुशीत नात टाहो फोडत होती. चांगुणाबाईंनी घेतली, हलवली, थोपटली, 'माझी बाय' म्हणून झालं. पोरगी काय ऐकंना. शेवटी हणमंतनं भीत भीत हात पुढं केले आणि तिला पोटाशी धरलं. पोरगी एकदम गप्प. मूठ वळली, डोळे मिटले.

"बघितलंस? आजोबाची माया," हणमंतनं छाती फुगवली.

"आप्पा, आता तुमीच ऱ्हावा हितं," ऋतुजा हसली.

चांगुणाबाईंनी हळूच नवऱ्याच्या पोटाला हात लावला. चांगलं ऊन ऊन होतं.

"माया म्हणं! चूल माझी, वीट माझी, आन् नात झोपली ह्यांच्याकडं!"

"हळू बोल की," हणमंत म्हणाला. "उठंल ती."