बातमी दुरुस्त करणाऱ्या अंबूबाई

आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत लोक दार वाजवून येत. अंबूबाई शिट्टी वाजवून येत. छपाईचे खिळे जुळवणारा दचकायचा, त्याच्या हातातली ओळ सांडायची आणि मी समजायचो, मुलींच्या फुटबॉलची बातमी पुन्हा चुकली.

बाई मुलींच्या शाळेत कवायत शिकवत. काष्टा मारून सामन्यात पंच म्हणून धावत. सोलापुरात मुलींनी फुटबॉल खेळणं ही तेव्हा नवलाई होती आणि त्याच्या बातम्या संपादकांनी माझ्या गळ्यात मारल्या होत्या. बाई वर्गात शुद्ध बोलत. माझ्याशी भांडताना थेट आपल्या वैराग गावचं बोलत.

"दुरुस्ती हाय," खुर्ची ओढत त्या म्हणायच्या. "तुमी लिवलंय, मुली लाजत लाजत खेळल्या. कोण लाजली? नाव सांगा की."

पुढच्या अंकात मी लाजणं काढून 'पदर सावरत' घातलं. शिट्टी वाजली.

"पदर खोचलेले व्हते. आन गोल किती झाले, ते कुटं हाय?"

गोल लिहायचे राहिले होते. लुगड्यांचे रंग मात्र मी सगळे दिले होते.

वैतागून मी संपादकांना म्हणालो, "यापुढं बाईंनाच लिहू द्या."

"मग आपण काय करायचं?" ते म्हणाले.

त्यांनी काय केलं, तर गोल अडवणाऱ्या नरसम्माचं नाव बदलून 'नर्मदा' छापलं. ती तेलुगू विणकराच्या घरची. नर्मदा हे नाव वाचकांना बरं वाटेल म्हणे. दुपारी बाई हजर.

"एक नावच तर आहे, बाई," मी कपाळाला हात लावला. "त्यासाठी उन्हातून आलात?"

"तिचं लगीन ठरलंय, दुधनीला. सासरच्यांनी नवं नाव बी ठरवून ठिवलंय." बाई भांडत नव्हत्या. "हितं छापलं, तर कुटंतरी ऱ्हाईल."

मी दुरुस्ती लिहून घेतली. पंचांचंही नाव आजवर आम्ही कधी दिलं नव्हतं. म्हणून विचारलं, "पंच अंबूबाई, असंच लिहू ना?"

"ते सासरचं."

"मग माहेरचं?"

बाईंनी शिट्टी टेबलावर ठेवली. "चंपा. आता त्या नावानं हाक मारनारं कुनी न्हाय."

"लिहू?"

पदरानं त्यांनी चेहऱ्यावरचा घाम पुसला.

"लिवा," त्या म्हणाल्या. "पन 'च'वरचं टिंब इसरू नका."