नागलीच्या माहेरची खबर

आफ्रिकेतल्या कुठल्याही देशानं विज्ञानावरचा खर्च कमी केला, की खोडाळ्यात भोये गुरुजी दोन दिवस चहा सोडतात. मी त्यांचा शेजारी, हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. त्यामुळे हे सुतक सगळ्यात आधी मला कळतं.

"सर, गेला बघा निधी!" कुंपणावरून मोबाइल पुढं येतो. "आता प्रयोगशाळेत काय कॅरम खेळायचा?"

गुरुजी आश्रमशाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. घाना, केनिया, रवांडा यांची विज्ञान धोरणं त्यांना तोंडपाठ. पंचायत समितीचा सभापती कोण, हे मात्र मला विचारतात. शंभरातला एक रुपया संशोधनाला द्यायचा, असं आफ्रिकी देशांनी मिळून ठरवलंय, आणि बहुतेकांना ते जमलेलं नाही, याचा त्यांना संताप. एका बाजाराला त्यांनी भजीवाल्यालाच धरलं.

"तू संशोधनाला काय ठेवतोस?"

"मिरची बदलून बघतो कधीकधी."

"मग तू पुष्कळ सरकारांच्या पुढं हायस," म्हणून त्यांनी पावशेर जास्त घेतली.

आफ्रिकेचं तुम्हाला काय पडलंय, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं. "आपली नागली, तुम्ही नाचणी म्हणता ती, तिकडनं आली. माहेरची खबर ठेवायला नको?"

यंदा नागली कापणीला आली तेव्हा ती बघायला युगांडाची एक संशोधक आली. नाव ग्रेस. दुभाषा मी. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून, वहीत बत्तीस प्रश्न लिहून बांधावर हजर. पहिलाच प्रश्न तिच्या सरकारच्या धोरणाचा.

ग्रेस हसली. "धोरणाचं मला नाही सांगता येणार. माझी शिष्यवृत्ती मधेच बंद पडली, एवढं माहीत आहे. दोन वर्षं आईच्या दुकानात कापड विकलं."

गुरुजींनी वही मिटली. "मग?"

"पुन्हा पैसे आले. मग मीही प्रयोगशाळेत परत गेले."

"परत घेतलं? मधली वर्षं नाय विचारली?" मी इंग्रजीत सांगेपर्यंतही त्यांना दम नव्हता.

"माझ्या सरांनी टेबल तसंच ठेवलं होतं," ती म्हणाली.

सगळे जेवायला गेले. गुरुजी मात्र बांधाच्या टोकाला, रेंज येते तिथं, जाऊन उभे राहिले. त्यांची लेक सविता विद्यापीठात नागलीवरच्या करपा रोगावर संशोधन करत होती. निधी संपला, काम थांबलं. आता ती ठाण्यात औषधांच्या दुकानात असते. हे मला गावातल्या लोकांकडून कळलेलं. गुरुजींनी कधी तिचा विषय काढला नव्हता.

त्यांना बोलवायला मी गेलो, तेव्हा फोन लागला होता.

"सवू, जेवलीस का?" मग त्यांनी एक कणीस खुडलं. "एकदा तुझ्या मॅडमना फोन लाव ना. नुसतं विचारायचं, परत येऊ का म्हणून."

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. गुरुजी दुसऱ्या हातानं कणीस चोळत होते, दाणे पायाशी गळत होते.

"नाय गं, मी कशाला रागावू," ते म्हणाले. "तू आधी रडायची थांब."