नळाच्या फॉर्मवर तपासलेली शाळा

“शाळा तपासायला काय लागतं? तास! त्यातली दहा मिनिटं जिने चढायला!”

असं तपासनीसबुवांनी सकाळी सातला, एका गालावर साबण असताना, आरशाला ठणकावून सांगितलं. आरसा गप्प बसला. बायको बसली नाही.

“अहो, शाळा आहे ती. नळ नव्हे.”

“अगं, वस्तू म्हटली की वस्तू! नमुना काढायचा, ताण द्यायचा, निकाल लावायचा. एकवीस वर्षं हेच करतोय मी!”

एवढं मात्र खरं होतं. नळाच्या कारखान्यात तपासणी खात्यात बुवांची एकवीस वर्षं गेली होती. पट्ट्यावरून येणारा दर विसावा नळ उचलायचा, कच्चकन पिळायचा, पाणी सोडायचं, बंद करायचा आणि ठिबकलं तर अख्खी पेटी परत! पास झाला तर पेटीतल्या प्रत्येकाच्या बुडाशी स्वतःच्या नंबराचा शिक्का, तोही स्वतःच्या हातानं. माणूस इतका कडक, की पाहुण्यांच्या घरी गेला तरी खुर्ची हलवून बघितल्याशिवाय टेकत नसे. कारखान्यातल्या लोकांनी त्यांना बुवा ही पदवी दिली ती काही प्रेमापोटी नाही.

आता प्रश्न होता छोटीचा. छोटी सहा वर्षांची, पहिलीत जायची. कोपऱ्यावरची सरकारी प्राथमिक शाळा गॅलरीतून दिसायची. बायकोनं ती केव्हाच पसंत केली होती. बुवांना मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाची काचेची शाळा हवी होती. तिथे लिफ्ट होती, कारंजं होतं, आणि फी ऐकून घाम फुटायचा, म्हणजे मालही तसाच असणार! तिथवर बसनं एक तास. आणि छोटीला बस लागायची. तिसऱ्या थांब्यावर ती हिरवी पडायची आणि चौथ्यावर शेजारच्याला उठावं लागायचं.

“रोज दोन तास लेकरू ओकत जाणार का?” बायकोनं विचारलं. ती रुग्णालयात परिचारिका होती, त्यामुळे असले शब्द ती नाश्त्याच्या वेळीही वापरायची.

“फी नाही म्हणजे कुठेतरी खोट असणारच!”

“मग जा आणि शोधा. मला ड्युटी आहे. हा अर्ज. पहिलीत एकच जागा उरलीय. आज बारा वाजेपर्यंत अर्ज गेला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. माझी सही झालीय, तुमची राहिलीय.”

“सही तपासणीनंतर!” बुवा म्हणाले आणि दुसऱ्या गालाकडे वळले.

शाळा तपासायचा फॉर्म काही त्यांच्याकडे नव्हता. नळ तपासायचा होता. त्याचेच दोन कागद घेतले, एक कामाचा आणि एक चुकला तर. कोरा कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, अर्ज खिशात. वजन पडावं म्हणून अंगात कारखान्याचा पांढरा कोट. त्याच्या खिशावर त्यांचा नंबर लाल दोऱ्यानं भरलेला होता. अशा थाटात छोटीचं बोट धरून बुवा पावणेअकराला शाळेच्या फाटकाशी उभे राहिले.

फाटक करकरलं. बुवांनी खूश होऊन लिहिलं, ‘आवाज: आहे.’ पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या. ‘झीज: आहे.’ भिंतीचा रंग दोन ठिकाणी उडालेला. ‘बाह्य स्वरूप: सुमार.’ पाच मिनिटांत तीन दोष! असा माल बुवांना फार दिवसांनी मिळाला होता.

कचेरीत मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई, फाटक्या फुटबॉलला सुई-दोऱ्यानं टाके घालत बसल्या होत्या.

“मला शाळा तपासायची आहे,” बुवांनी छाती काढून सांगितलं.

“तपासा की. कोणत्या खात्याकडून आलात?”

“बाप खात्याकडून.”

“मग नीट तपासा,” मोठ्या बाई दोरा दातानं तोडत म्हणाल्या. “बाकीची खाती दहा मिनिटांत चहा पिऊन जातात. फक्त व्हरांड्यातला नळ तेवढा जरा हळू…”

“बाई! नळाचं मला सांगू नका!”

व्हरांड्यात दुसरीच्या वर्गाबाहेर हात धुवायचा नळ होता. वर भिंतीवर लहान मुलाच्या अक्षरात कागद चिकटवलेला. ‘हा नळ दोन बोटांनी फिरवा. याचं वय झालंय.’

“हे बघ छोटे,” बुवा म्हणाले, “जो नळ दोन बोटांनी फिरवावा लागतो, तो नळच नव्हे! बघ आता, ताण कसा देतात.”

“बाबा, पण कागदावर…”

बुवांनी बाही वर सारली. एकवीस वर्षांचा अनुभव मनगटात आणला आणि कच्चकन पीळ दिला. नळाची चावी आतल्या दांड्यासकट हातात आली!

पुढचं सगळं फार वेगानं झालं. पाणी आधी छताला लागलं, मग बुवांना. कोट भिजला, पहिला फॉर्म भिजला, खिशातल्या अर्जाचा लगदा व्हायला लागला. बुवांनी भोकावर तळहात दाबला, तर पाणी शिस्तीत दोन्ही बाजूंनी फुटून वर्गाच्या खिडकीत शिरलं. आतून एकतीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

“बाबा, अजून एकदा!” छोटी ओरडली.

दुसरीच्या बाई धावत आल्या. आरडाओरडा नाही, काही नाही. त्या सरळ पाण्यातून इमारतीमागे गेल्या आणि मेन व्हॉल्व्ह बंद करून आल्या. तोवर त्या नखशिखांत भिजल्या होत्या आणि त्यांच्या बोटांवरून खडूचं पांढरं पाणी गळत होतं. मोठ्या बाई फुटबॉल काखेत धरून हजर झाल्या.

“तुम्ही कोरडं काहीतरी घाला जा,” त्या दुसरीच्या बाईंना म्हणाल्या. “तोवर वर्ग कोण बघणार? मला कचेरी सोडता येत नाही, बारापर्यंत प्रवेश आहेत.” मग त्यांची नजर बुवांवर स्थिरावली. “ज्यांनी भिजवलं, ते!”

“मी? मी तर तपासायला…”

“आतून तपासा. जास्त चांगलं दिसतं.”

छोटीला घेऊन बुवा आत गेले. मनातून त्यांना हे बरंच वाटलं. एकतीस नमुने एका जागी, याहून काय हवं! फोल्डर आणि मोडका दांडा टेबलावर ठेवून त्यांनी कारखान्यातला आवाज काढला.

“विसावा कोण? उभा राहा!”

सर्दी झालेला एक मुलगा उभा राहिला.

“सात आठे?”

“छप्पन्न. आता मी विचारू?”

“तू का विचारणार?”

पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मॉनिटर उठली. “काका, आमच्या वर्गाचा नियम आहे. ज्याचं उत्तर बरोबर, तो पुढचा प्रश्न विचारतो. मोठ्यांनासुद्धा.”

“विचार,” बुवा मोठ्या मनानं म्हणाले.

सर्दीवाल्यानं नाक ओढलं. “नळ बंद केल्यावर पाणी कुठे जातं?”

“कुठे जात नाही. थांबतं.”

“थांबून काय करतं?”

बुवांनी टेबलावरचा दांडा उचलून बघितला. एकवीस वर्षं! लाखभर नळ त्यांनी पिळले असतील, पण पाणी थांबून काय करतं हे त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. “ढकलत असतं,” ते शेवटी म्हणाले. “सारखं ढकलत असतं. आणि एवढीशी एक चकती त्याला अडवून धरते.”

“दाखवा!” एकतीस आवाज आले. बत्तिसावा छोटीचा.

आणि बुवा रंगले हो! निकाल-बिकाल विसरून त्यांनी मोडका दांडा टेबलावर उलगडला. पेच दाखवले, खोबण दाखवली, आणि दांड्याच्या टोकाची रबरी चकती, म्हणजे वायसर, दोन बोटांत धरून वर उचलली. “हा बघा! सगळा नळ याच्या जिवावर!” मुलांनी मान उंच केली. बुवांनी हात आणखी उंच केला. ओल्या बोटांतून वायसर निसटला, टेबलावर टप्पा घेऊन खाली पडला आणि घरंगळत बाकांखाली गेला.

“शोधा!” बुवा म्हणाले. शिक्षकानं हा शब्द कधी म्हणू नये हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

एकतीस मुलं बाकांखाली गेली. दप्तरं उलटी झाली, बाक सरकले, कुणीतरी कुणाच्या तरी बोटावर पाय दिला. एकाला वायसरऐवजी गेल्या महिन्यात हरवलेला स्वतःचा दात सापडला आणि त्याचा वेगळाच जल्लोष सुरू झाला. “रांगेत! एकेक जण! वीस नंबर कुठाय?” बुवा ओरडत होते. मग तेही गुडघ्यांवर आले, तिसऱ्या बाकाखाली शिरले आणि कोटाचा पट्टा खिळ्यात अडकून तिथेच राहिले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. डोक्यावर बाक, बाकावर उड्या. डोळ्यांतून पाणी आलं, ते काही नळाचं नव्हतं.

“काका, रडू नका. सापडेल,” सर्दीवाला खाली वाकून म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं आणि आत वाघ आला.

दुसरीच्या बाईंना कोरडं म्हणून शाळेत एकच कापड मिळालं होतं, नाटकाच्या कपाटातला वाघाचा पोशाख. पट्टे, शेपूट, सगळं. त्या शांतपणे फळ्यापाशी गेल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

“बसा.”

एकतीस मुलं बसली. कुणी हसलं नाही, कुणी शेपटीकडे बोट दाखवलं नाही. खिळ्यातून पट्टा सुटला तसे बुवाही खाली, फरशीवरच बसले. त्या एका शब्दापुढे आपला आवाज, कोट, फॉर्म सगळंच त्यांना पोकळ वाटलं. ही शाळा चांगली आहे. फार चांगली आहे. आणि छोटी इथे आली नाही तर त्याला आपण, फक्त आपण जबाबदार असू! घड्याळात बाराला आठ मिनिटं होती.

ते धावत कचेरीत गेले. मागून छोटी, तिच्यामागून फोल्डर घेऊन मॉनिटर. मोठ्या बाईंच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात भिंतीतून काढलेला मोडका नळ.

“बाई, अर्ज!” बुवांनी खिशातून काढला. हातात निळसर लगदा आला.

“हा अर्ज आहे? मला वाटलं, फळा पुसायचं फडकं.” बाईंनी चष्मा लावला. “पुढचं नाव बेकरीवाल्यांच्या मुलीचं आहे. त्यांना बाराला फोन करायचाय.”

“दुसरा फॉर्म द्या! मी भरतो!”

“छापील संपले. कोऱ्या कागदावर चालेल. पण तुम्हाला शाळा कुठे पसंत आहे? तपासणी चालली होती ना?” बाईंनी नळ उलटा केला. “हा नळ मात्र तपासलेला दिसतोय. बुडाशी शिक्का आहे. सात. कोण हो हा सात नंबर? असला नळ पास करणारा माणूस मला एकदा बघायचाय!”

बुवा फुटबॉलचे टाके मोजायला लागले.

“काका,” मॉनिटरनं बोट दाखवलं, “तुमच्या खिशावर पण सातच आहे!”

बुवांनी खिशावर हात ठेवला, पण फार उशिरा. “बाई,” ते अगदी हळू म्हणाले, “तो… एकोणिसावा किंवा एकविसावा असेल. आम्ही विसावा तपासून पेटीतल्या सगळ्यांवर शिक्के मारतो.”

“मुलांचं तसं जमत नाही,” बाई म्हणाल्या. “आम्हाला एकेक बघावं लागतं.”

बाराला तीन मिनिटं. “कोरा कागद!” बुवांनी फोल्डर ओढून घेतला. कोरा ठेवलेला फॉर्म आता कोरा नव्हता.

“रिकाम्या जागा होत्या,” मॉनिटर म्हणाली. “आमच्या वर्गात रिकाम्या जागा सोडत नाहीत. तुम्ही बाकाखाली होता तेव्हा आम्ही भरल्या.”

मोठ्या बाईंनी तो मोठ्यानं वाचला.

“‘नमुना: काका. बाह्य स्वरूप: ओले. गळती आहे का: हो, खूप. आवाज: मोठा. दाब सहन होतो का: नाही, अर्ध्या तासात रडू आले. शेरा: परत पाठवू नये. नळाचे छान सांगतात. घरी बरे असतात, असे त्यांच्या मुलीने सांगितले.’”

बुवांनी छोटीकडे बघितलं. छोटीनं मूठ उघडली. आत वायसर होता.

“मीच शोधला, बाबा. मला इथेच यायचंय.”

बुवांनी वायसर उचलून खिशात घातला. बाईंनी कागद उलटा केला, पेन पुढे केलं. “मागची बाजू कोरी आहे. लिहा लवकर!” बुवांनी लिहिलं, सही केली, आणि त्यांच्या सहीवर बाराचा टोल पडला. बाईंनी कागद छोटीच्या फायलीत लावला. फाईल पाचवीपर्यंत शाळेत राहते, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. दर शनिवारी नळ दुरुस्तीला यायचं, हे सांगायची गरज पडली नाही.

संध्याकाळी बायको ड्युटीवरून आली. “काय, झाला का अहवाल?”

“शाळेत जमा केला,” बुवा ताटात बघत म्हणाले.

“काय लिहिलंत?”

छोटीनं भरल्या तोंडानं सगळा म्हणून दाखवला. गळती, आवाज, दाब, सगळं.

“अहो! शाळेबद्दल इतकं वाईट?”

“शाळेबद्दल नाही गं आई! बाबांबद्दल!”

बायकोनं घास खाली ठेवला. पुन्हा एकदा सगळं म्हणायला लावलं. प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि शेवटच्याला थांबली.

“बाकी सगळं बरोबर आहे,” ती म्हणाली. “पण ते ‘घरी बरे असतात’ कुणी पास केलं?”

“मी!” छोटी म्हणाली.

“रोज बघून, की विसाव्या दिवशी?”

बुवा उठले आणि त्यांनी हात धुवायचा नळ दोन बोटांनी उघडला.