हिरेमठ सरांचं जिवाणूघर

हिरेमठ सरांनी कसबा बावड्यात घर बांधलं आणि आत एकही भिंत घातली नाही. बाहेरच्या भिंती मात्र एवढ्या जाड, की गवंडी म्हणाला, "सर, घर हाय का किल्ला?"

"जिवाणू हाय!" सर म्हणाले.

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि बी.एस्सी. झालो तो सरांमुळं, हे मी छाती ठोकून सांगतो. वाघ-हत्तींचं त्यांना कौतुक नव्हतं. "तुमच्या-माझ्या पेशीत नुसत्या खोल्या! केंद्रकाला तर बंद खोलीच. जिवाणू बघा. भायेर टणक भित्ती, तिच्या आत पातळ पटल. कुणाला आत घ्यायचं, कुणाला न्हाय, ते पटल बघतंय. आत सगळा मोकळा कारभार. डीएनए उघड्यावर, शेजारीच रायबोसोम प्रथिनं करत्यात. खातंय, वाढतंय, एकाचं दोन हुतंय. काय अडलंय का त्याचं?"

हे शेवटचं वाक्य मेसच्या बिनमिठाच्या आमटीलासुद्धा आम्ही लावायचो.

पुढं मी त्यांच्या शेजारीच राहायला गेलो. घर तयार झालं, पण सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, गावातली भाड्याची जागा सोडेनात.

"सैपाकघराला भिंत घाला, मगच येते. पावनं आलं की त्येंच्या तोंडावर फोडणी देऊ व्हय?"

"काय शिजतंय ते तरी कळंल त्यांना!"

"आनि लुगडं बदलायचं कुठं?"

"न्हाणीला भिंती हायत की. तेवढी सूट दिलीया मी."

काकू हसल्या नाहीत. शेवटी तोड निघाली. एक दिवस येऊन बघायचं, नाही पटलं तर संध्याकाळच्या आत भिंत उभी. गवंडी विटा घेऊन दारात बसला.

टेम्पोतून सरांनी आधी आपल्या आईला, अव्वांना, उचलून आणलं. त्यांचे पाय गेलेले. जुन्या घरात त्या आतल्या खोलीत पडून असायच्या आणि दार वाजलं की हाक, "कोन आलं गं?" काकू चुलीपुढनं ओरडायच्या, "कोनी न्हाय, अव्वा!" दिवसभर हेच.

सरांनी अव्वांची खाट मधोमध टाकली. काकू भिंतीची जागा गवंड्याला दाखवत होत्या. तेवढ्यात दार वाजलं.

"दूधवाला आलाय गं," अव्वा म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून, "ह्यो पोरगा कवाधरनं उभा हाय, च्या दे त्याला."

काकू थांबल्या. अव्वांकडं बघितलं, मग सरांकडं. सर उगाच खिडकीची कडी तपासत होते.

"मला आदी सांगायचं की ओ. जिवाणू जिवाणू काय लावलंयसा!"

काकूंनी पदर खोचला आणि गवंड्याला म्हणाल्या, "विटा ऱ्हाऊ द्या. ही शेगडी उचला आनि त्या कोपऱ्यात ठिवा. हितं उभी ऱ्हायले तर अव्वास्नी माझी नुसती पाठ दिसंल."