ब्राउझरची टेस्ट, लातूर केंद्र

लातुरात ब्राउझर म्हणजे काय हे नीट कळलेला माणूस एकच, आणि तो मी. हे मी गर्वानं सांगत नाही. दुसरा कुणी सापडला तर मलाच बरं वाटेल, बोलायला सोबत होईल.

माझं नाव शारिक. महादेवप्पा सरांच्या कोचिंग क्लासमधली कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो. ही हकिकत २०११ सालची. भूकंपानंतर कितीतरी वर्षं लातुरात दुसरा मजला चढवायचं नाव काढलं की घरातली माणसं अंगावर यायची. मग क्लासेसची लाट आली, आणि एका मजल्याची शपथ घेतलेल्यांनीच खाली बायोलॉजी, वर फिजिक्स आणि गच्चीवर मुलींचं हॉस्टेल असं सगळं भाड्यानं देऊन टाकलं. भीती गेली नव्हती, पण ॲडमिशन भीतीपेक्षा जास्त होत्या.

आता ब्राउझर. ज्या प्रोग्रॅममधून आपण इंटरनेटवरच्या वेबसाइट बघतो, तो ब्राउझर. त्यातला एक असा आहे की तो कुठल्या शेठचा नाही. जगभरचे लोक मिळून तो बनवतात, त्याची आतली रचना कुणीही उघडून बघू शकतो, आणि नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी हौशी लोक त्यात निरनिराळ्या वेबसाइट उघडून तपासतात. कुठं अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढली, कुठं बटण दाबलं तरी ढिम्म राहिलं, ते लिहून कळवायचं. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा आपला आपण. मी हे वर्षभर करत होतो. माझी बायको जोहरा याला लोकांच्या घरचे नळ तपासणं म्हणायची.

मराठवाड्यातल्या आम्हा हौशी मंडळींचं काम नांदेडची शिवानी बघायची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि बोलणं सगळं चॅटवर. तिनं नांदेडला एक टेस्टिंगचा दिवस ठरवला, त्याला मोजकी डोकी आली, पण काम सुरेख झालं. लातूरला करणार का, असं तिनं विचारलं. मी लिहिलं, लातूर म्हणजे संख्या, नांदेडच्या दहापट आणतो. तिनं लिहिलं की दहा लोक पुरेत, फक्त त्यांनी नीट बघावं. हे वाक्य मी नीट वाचायला हवं होतं.

रविवारी लॅब मिळावी म्हणून मी सरांकडे गेलो. खुला प्रकल्प, जगभरचे स्वयंसेवक, समाजाचं हित, असं बरंच सांगितलं. सर पंख्याकडं बघत ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच गोष्ट विचारली, "टेस्ट आहे ना?"

मी म्हटलं, टेस्टिंग आहे.

सरांना तेवढं पुरलं. लॅब दिली, हॉल दिला, पत्रक स्वतः छापून घेतो म्हणाले. मी त्यांना दोन ओळींचा मजकूर दिला होता. वेबसाइट टेस्टिंग, मोफत, कुणीही यावं. शनिवारी ते पत्रक मला आमच्याच घराच्या दारात पेपरमध्ये घातलेलं मिळालं. त्यावर लिहिलं होतं, 'आंतरराष्ट्रीय पातळीवरील भव्य मोफत टेस्ट, लातुरात प्रथमच.' खाली सरांचा फोटो. वेबसाइट हा शब्द होता, पण तो क्लासच्या वेबसाइटच्या पत्त्याआधी.

तुम्ही लातूरचे नसाल तर सांगतो. इथं टेस्ट या शब्दाला एकच अर्थ आहे. लातूरकर दवाखान्यात रक्ताची टेस्ट करायला गेला तरी पेपर किती मार्कांचा ते विचारतो.

रविवारी सकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. औशाहून जीप भरून आल्या होत्या. जळकोटहून पहाटेची एसटी धरून आलेले लोक पायऱ्यांवर दशम्या सोडून बसले होते. पोरांच्या हातात पॅड, कंपास, पाण्याच्या बाटल्या. एका आईनं पोराच्या कपाळाला अंगारा लावून वर त्याच्या पेन्सिलीलाही लावला. वॉचमन कुणीही न सांगता हॉल तिकीट मागत होता, आणि ज्यांच्याकडं नव्हतं ते रडकुंडीला आले होते. म्हणजे सगळेच. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं तोवर 'अपेक्षित प्रश्न' विकायला काढले होते. मी एक प्रत घेऊन पाहिली. मागच्या वर्षीची केमिस्ट्री होती.

मी माइक घेतला. म्हटलं, ही परीक्षा नाही. इथं मार्क नाहीत, नंबर नाहीत, बरोबर उत्तर असं काही नाही. वेबसाइट उघडायची, काही बिघडलेलं दिसलं तर लिहायचं, नाही दिसलं तर आनंदानं घरी जायचं.

मग पुढच्या रांगेतले, हदगावहून लेकीला घेऊन रातोरात निघालेले शेषेराव उभे राहिले. सोयाबीनवाले शेतकरी, डोक्याला रुमाल, खिशात तीन पेनं.

"मास्तर, सगळे क्लासवाले असंच म्हणतेत," ते शांतपणे म्हणाले. "निगेटिव्ह मार्किंग हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मी नाही म्हटलं. हॉलभर समाधानाचा सुस्कारा सुटला. माझ्या भाषणातलं लोकांना कळलेलं हे एवढंच.

पोरं पाळीपाळीनं लॅबमध्ये बसू लागली. पहिल्या रांगेतल्या एका हुशार मुलानं एका सरकारी वेबसाइटबद्दल लिहिलं की वरचं बटण दाबलं जात नाही. ते बटण नव्हतंच, त्या खात्याचं बोधचिन्ह होतं. पण तो मुलगा गेल्या टेस्टला पहिला आलेला, हे सगळ्यांना ठाऊक. शेजारच्यानं ते वाक्य उचललं, त्याच्या शेजारच्यानं त्याचं. खिडकीच्या गजांना लटकलेले पालक बाहेरून 'बटन लिही, बटन' असं कुजबुजत होते. ज्यांच्यासमोर दुसरीच वेबसाइट होती त्यांनीही बटणच लिहिलं. एकानं बातम्यांची साइट उघडून 'ही बातमी खोटी वाटते' असं कळवलं. एका मुलीनं वेबसाइटचे फायदे आणि तोटे असा निबंध लिहिला आणि शेवटी उपसंहारही केला.

नांदेडहून शिवानीचे निरोप यायला लागले. आधी तिनं कौतुक केलं. मग विचारलं की लातुरात एका बटणावर एवढा राग का. दुपारी तिनं जरा कडक लिहिलं. हे असंच चालू राहिलं तर प्रकल्पातले वरचे लोक लातूरहून आलेला प्रत्येक रिपोर्ट न वाचता टाकून देतील, माझेसुद्धा, पुढं कायमचे. वर्षभराची माझी इज्जत त्या बोधचिन्हाखाली चालली होती.

अशा वेळी जोहरा डबा घेऊन आली. घरी आम्ही दखनी बोलतो, पण तुमच्यासाठी मराठीत सांगतो. ती म्हणाली की गल्लीत लोक तुम्हाला 'पेपर काढणारे सर' म्हणतायत, तेव्हा जेवून घ्या, पुढं वेळ मिळेल असं वाटत नाही. मी जेवेपर्यंत ती एका रिकाम्या कॉम्प्युटरपुढं बसली. रिपोर्ट कसा लिहायचा तो कागद भिंतीवर लावलेला होता. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सकाळपासून तो वाचणारी ती पहिलीच.

तेवढ्यात महादेवप्पा सर निवडक पालकांना घेऊन लॅब दाखवायला आले. पुढच्या आठवड्यात ॲडमिशन सुरू होणार होत्या, त्यामुळे सर भलतेच खुलले होते. त्यांनी प्रोजेक्टर लावायला सांगितला आणि जाहीर केलं की आता आपल्या क्लासची वेबसाइट तपासा, एक दोष सापडला तर सांगा.

आमच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर गुणवंतांचे फोटो आहेत. एक येतो, थोडा थांबतो, विरघळतो, मग दुसरा. खाली नाव, साल आणि मार्क. मी ते पान नव्या आवृत्तीत उघडलं. ती अजून कच्ची होती, म्हणून तर टेस्टिंग. तिच्यात फोटोंची ये-जा बंद पडली आणि इतकी वर्षं एकामागं एक लपलेले सगळे गुणवंत एकदम भिंतीवर ओळीनं येऊन उभे राहिले.

पहिल्या वर्षीचा मुलगा चष्म्यातला. दुसऱ्या वर्षीचा बिनचष्म्याचा. तिसऱ्याला बारीक मिशी, चौथ्याचा भांग उजवीकडं. नावं वेगळी, शर्ट वेगळे, आडनावं तर जिल्ह्याबाहेरची. चेहरा एक.

जळकोटच्या नागुबाई पोराला घेऊन आल्या होत्या. त्या भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी मिशीवाल्याच्या गालावर बोट ठेवलं.

"ह्यो तर आमचा मल्लेश हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या भावाचा. औशाला मोबाईलची कव्हरं विकतो की."

सर हसले आणि जगात एकासारखे एक चेहरे असतात असं काहीतरी बोलले. पण नागुबाईंनी तोवर फोन लावून स्पीकरवर टाकला होता. त्यांनी मल्लेशला विचारलं की तू लातुरात चार वेळा पहिला आलास आणि घरात कुणाला सांगितलं नाहीस, असं कसं.

पलीकडं मल्लेशनं आधी एका गिऱ्हाइकाला सुटे पैसे दिले.

"मी पहिला आलो?" मल्लेश हळूच म्हणाला. "कशात, आत्या?"

दहावीनंतर तो काही दिवस एका फोटो स्टुडिओत कामाला होता. तिथला मालक नव्या लाइटची तपासणी करायला त्यालाच उभा करायचा, शर्टही मालकाचेच, एवढं त्यानं सांगितलं. मग त्यानं मार्क किती पडले ते विचारलं. नागुबाईंनी भिंतीवर वाचून सांगितले. तो खूश झाला.

सर माझ्याकडं वळले. खालच्या आवाजात म्हणाले, "शारिक, तुमचा ब्राउझर सगळ्यांचे फोटो एकाच पोराचे करायलाय. महिनाभरात दुरुस्त नाही झाला, तर लॅबला दुसरा माणूस बघतो."

मला वाटलं, आता पालक खुर्च्या फेकणार. मी प्रोजेक्टरच्या पुढं जाऊन उभा राहिलो, कारण तो माझ्या सहीनं आणलेला होता. पण शेषेरावांनी भिंतीकडं एकवार नीट बघून घेतलं, रुमाल सारखा केला आणि म्हणाले की ते फोटोचं तुमचं तुम्ही बघा, आमच्या पोरीचा आजचा नंबर कितवा ते सांगा. मागून सगळ्यांनी तेच लावून धरलं. एसटी साडेपाचची आहे, निकाल घेतल्याशिवाय जाणार नाही. सरांचा चेहरा एकदम फुलला. पाच वाजता निकाल लागेल असं सांगून ते मला घेऊन केबिनमध्ये शिरले.

आता नंबर काढायचे कशाचे? सगळ्यांनी बटणच लिहिलेलं. पहिला कुणालाही काढला तरी बाकीचे पालक जाब विचारणार. रिपोर्ट चाळताना मला जोहराचा सापडला. तिनं लिहिलं होतं, 'क्लासची वेबसाइट उघडली. फोटो एकामागून एक यायला हवे होते. सगळे एकदम शेजारी शेजारी आले. शिवाय मुलगा एकच आहे.' दिवसभरातला नियमाप्रमाणे लिहिलेला हा एकुलता एक रिपोर्ट. मी तो शिवानीकडं पाठवला, जोहराच्या नावानंच. तिनं लगेच लिहिलं, "हाच हवा होता. बाकीचे मी बाजूला ठेवते."

सरांनी तो वाचला. शेवटच्या वाक्यावर त्यांचा चेहरा कडू झाला. पण मग त्यांच्या लक्षात आलं की जोहरा कुणाचीच मुलगी म्हणून आलेली नाही, तेव्हा तिच्यावर कुठल्याच पालकाचा राग असणार नाही. पाच वाजता त्यांनी पायरीवर उभं राहून पहिला क्रमांक जोहरा शारिक असा जाहीर केला. बाकी सर्व उत्तीर्ण. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि साडेपाचच्या एसटीकडं पळाले. जाता जाता शेषेराव जोहराला विचारून गेले की ताई, रोज किती तास अभ्यास करायच्या. तिनं सांगितलं, यांचा डबा भरून झाल्यावर जेवढा वेळ राहील तेवढा.

काही दिवसांनी परदेशातून उत्तर आलं. रिपोर्टच्या पहिल्या भागातली चूक ब्राउझरची होती, ती दुरुस्त केली आहे. दुसऱ्या भागाबद्दल लिहिलं होतं, 'मुलगा एकच असण्याला ब्राउझर जबाबदार नाही.'

नवी आवृत्ती आली आणि आमच्या साइटवरचे फोटो पूर्वीसारखे एकामागं एक शिस्तीत लपले. माझी नोकरी राहिली. ॲडमिशन मागच्या वर्षीपेक्षा जास्त झाल्या. आवृत्तीसोबत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचे जाहीर आभार मानले होते, त्यात लातूरचं एकच नाव होतं, जोहराचं. मी तीनदा शोधलं, दुसरं नव्हतं.

सरांनी तिचा फोटो मागितला. घरात तिचा एकटीचा फोटो नव्हता, म्हणून तिच्या भावाच्या लग्नातला आमचा जोडीचा दिला. आता तो क्लासच्या वेबसाइटवर आहे. खाली लिहिलं आहे, 'आंतरराष्ट्रीय टेस्टमध्ये प्रथम, आमची विद्यार्थिनी.' समोरच्या क्लासनंही तोच फोटो उचलून त्यांची विद्यार्थिनी म्हणून लावला आहे. जोहरा आयुष्यात कुठल्याच क्लासला गेलेली नाही. नांदेडहून तिच्या मामेबहिणी फोन करून नोट्स मागतात.

मी दोन्ही वेबसाइट नव्या आवृत्तीत उघडून तपासल्या. फोटो दोन्हीकडं व्यवस्थित दिसतो. तिच्या डाव्या बाजूला करड्या सफारीचा एक खांदा राहून गेलाय, तो ब्राउझरचा दोष नाही. तो मी आहे.