सरांचा शेवटचा फळा

"फळ्याची काळजी तुम्ही सोडा!" पेंटरने छातीवर हात मारून सांगितलं. "वीस वर्षं माझी अक्षरं उन्हापावसात उभी आहेत. एक वेलांटी पुसलेली दाखवा, ब्रश टाकून देईन!"

शाळेच्या बाकांवर कसेबसे मावलेल्या पंधरा-सोळा माजी विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणाचं पोट बाकात अडकलं होतं, कुणाचे गुडघे हनुवटीला टेकत होते, पण सगळ्यांचे डोळे समोरच्या फळ्यावर होते. भूगोलाच्या सरांचा शेवटचा फळा! निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सर रोज सकाळचा पहिला तास हौसेने घ्यायला यायचे. गेल्या महिन्यात एका गुरुवारी तास घेतला, घरी गेले, चहा प्यायले, जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत. फळ्यावर तेवढा गृहपाठ राहिला. 'नदी सरळ का वाहत नाही? विचार करून या. उद्या बोलू.'

ते 'उद्या बोलू' वाचलं की भलेभले रुमाल काढायचे. शाळेच्या शिपाईमामांनी त्याच दुपारी वर्गाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. कुणाला हात म्हणून लावू दिला नाही. आता रविवारी सकाळी दहा वाजता सरांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता, आणि हा फळा जसाच्या तसा कायमचा जपायचा असं ठरलं होतं.

"वरून काच बसवू," डॉक्टर म्हणाला. शाळेत सात वर्षं पहिला आलेला माणूस, त्यामुळे अजूनही सगळ्यांत आधी तोच बोलायचा.

"काच काय करणार? खडू आतल्या आत झडतो!" पेंटर म्हणाला. "आधी वॉर्निशचा फवारा, मग काच. हे माझ्या धंद्यातलं आहे, डॉक्टर. तू आपला घसा तपास."

सगळे हसले. पेंटरला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! दहा वर्षं शेवटच्या बाकावर काढलेल्या माणसाचं या वर्गात कुणी ऐकून घेण्याची ती पहिलीच वेळ होती.

शनिवारी दुपारी वॉर्निशचा डबा, फवारणीचं यंत्र आणि भरपूर आत्मविश्वास घेऊन पेंटर हजर झाला. मामांनी कुलूप काढलं आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसले.

"नीट कर हं बाबा."

"मामा, डोळे मिटून करेन!"

तसंच केलं असतं तरी चाललं असतं, कारण पुढे जे झालं ते उघड्या डोळ्यांनी बघवणारं नव्हतं. पेंटरने लांबून, अलगद, फुलाला पाणी घालावं तसा फवारा मारला. वॉर्निश फळ्याला लागलं आणि 'नदी' गेली! गेली म्हणजे समोरच्या समोर, बघता बघता विरून गेली.

'ओलं आहे म्हणून. वाळलं की येईल वर,' पेंटरने मनाशी म्हटलं आणि हात थांबवायचा सोडून, एकसारखं वाळायला हवं म्हणून, उरलेल्या फळ्यावरही फवारा मारून टाकला!

पंखा लावला. खिडक्या उघडल्या. पुठ्ठ्याने वारा घातला. अर्धा तास झाला, एक तास झाला. फळा वाळला. खणखणीत वाळला, चकाकला, आणि त्यात पेंटरला स्वतःचं तोंड लख्ख दिसायला लागलं. अक्षर एक नाही!

 पाट्या रंगवण्यात हयात गेली, पण त्या ऑइलपेंटच्या. खडूवर वॉर्निश मारायची वेळ त्याच्यावर जन्मात आली नव्हती, आणि छातीवर हात मारायच्या नादात ही गोष्ट त्याच्या स्वतःच्याच लक्षात आली नव्हती. हाय रे देवा! सरांची शेवटची खूण, आणि ती शेवटच्या बाकावरच्या ढ पोराने पुसली!

"झालं का रे पेंटर?" बाहेरून मामा.

"होत आलंय मामा!"

त्याने बायकोला फोन लावला. ती दहा मिनिटांत आली, फळ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून मटकन बाकावर बसली. रडतेय की हसतेय ते त्याला कळेना.

"फोटो असेल ना कुणाकडे?" ती शेवटी म्हणाली.

फोटो होता. डॉक्टरने काढलेला. त्यात डॉक्टरचं कपाळ, डॉक्टरचा चष्मा, डॉक्टरची भरल्या डोळ्यांची मुद्रा आणि त्याच्या कानामागे एक 'बोलू'. बाकी सगळा फळा डॉक्टरने झाकला होता.

"मग सांगून टाका सगळ्यांना."

"वेडी आहेस का? मी परत लिहितो."

"सरांच्या अक्षरात? तुम्हाला येतं?"

पेंटर बायकोशेजारी बाकावर टेकला. मग वीस वर्षांच्या संसारात बायकोला न सांगितलेली गोष्ट त्याने सांगितली. सातवीत असताना सगळ्यांच्या वहीवर सर लाल पेनाने 'उत्तम' लिहायचे आणि याच्या वहीवर 'पुन्हा लिही'. बाप रोज वह्या उघडायचा. त्या बिचाऱ्याला वाचता फारसं यायचं नाही, पण 'उत्तम' कसं दिसतं ते शेजारच्या पोराच्या वहीत बघून ठेवलं होतं. म्हणून पोराने सरांचं 'उत्तम' घोटलं. महिनाभर रात्रंदिवस घोटलं आणि वर्षभर स्वतःच्या वह्यांवर स्वतःच लिहिलं. बाप त्या वह्या गल्लीभर दाखवत फिरायचा.

"आणि पकडला गेलात?"

"सरांनी वही बघितली. खूप वेळ बघत बसले. मला वाटलं, आज काही खरं नाही. तर म्हणतात कसे, 'अक्षर माझ्याहून झकास काढलंयस गाढवा! हा हात फुकट घालवू नकोस.' दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या सूचनाफलकाचं काम माझ्याकडे, सगळं सरांच्या अक्षरात. रंगाचा पहिला डबा सरांनी आणून दिला. बापाला शेवटपर्यंत काही बोलले नाहीत."

 बायकोने डोळे पुसले आणि पदर खोचला.

"उठा मग. काय लागेल ते सांगा."

लागणार होतं बरंच! गुळगुळीत वॉर्निशवर खडू उमटेना, नुसता घसरायचा. म्हणजे आधी फळा घासायचा, मग फळ्याचा काळा रंग द्यायचा, तो वाळला की लिहायचं. दोघंही पॉलिश पेपर घेऊन भिडली. खर्र खर्र, खर्र खर्र!

"आत काय घासताय रे?" मामा.

"कडा, मामा! कडा खराब झाल्यात!"

एवढ्यात डॉक्टर आला. बायकोने दार आतून लावून धरलं, पेंटर फटीतून बोलला.

"येऊ नकोस! वास फार आहे. छातीत जातो."

"अरे, मी डॉक्टर आहे!"

"म्हणूनच! तू आजारी पडलास तर आम्ही कुणाकडे जायचं?"

हे डॉक्टरला पटलं. संध्याकाळी काळा रंग मारून दोघं घरी गेली. मामांना "वॉर्निश वाळेपर्यंत कुणी आत जायचं नाही" अशी तंबी दिली. मामांनी मान हलवली, पण काळ्या बोटांच्या या जोडप्याकडे जरा रोखूनच बघितलं.

रविवारी सकाळी सहाला पेंटर फळ्यासमोर उभा राहिला. हातात खडू घेतला. मग एकदाचे डोळे मिटले आणि सातवीतले सर आठवले. ताठ कण्याचे, पांढऱ्या शर्टाचे, फळ्यावर नदी काढताना स्वतःही वळणारे. 'न' काढला आणि पुढचं हातानेच लिहिलं. एकही अक्षर पुसावं लागलं नाही.

दहा वाजता वर्ग खच्चून भरला. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रास्ताविक केलं, डॉक्टरने पडदा सरकवला. फळा दिसला आणि सगळीकडून नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले.

"हजारात ओळखेन मी हे अक्षर!" डॉक्टर गहिवरून म्हणाला.

पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. सगळ्यांच्या काकू. त्या हळूहळू उठल्या, चष्मा लावला, फळ्याच्या अगदी जवळ गेल्या. पेंटरने बायकोचा हात घट्ट धरला.

"हे त्या दिवशीचं नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, त्याच दिवशीचं आहे. कुणी हातसुद्धा लावलेला नाही," डॉक्टर लहान मुलीला समजवावं तसं बोलला.

"नाही रे. मी दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले होते. हे ते नव्हे."

डॉक्टर मुख्याध्यापिकाबाईंकडे वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "धक्का बसलाय त्यांना. या वयात असं होतं. जरा बसवा, पाणी द्या."

कुणीतरी काकूंचा दंड धरला. काकू गोंधळून इकडेतिकडे बघायला लागल्या. पेंटरने नुसतं तोंड मिटून बसायचं होतं, बस्स! सगळं निभावून गेलं असतं. पण सरांच्या बायकोला चारचौघांत वेडं ठरवून आपण सुटायचं, हे काही त्याच्या पोटात राहीना.

"काकू बरोबर सांगतायत!" तो ओरडला आणि उठताना गुडघा बाकात अडकून बाकासकट उठला. "मी पुसला! वॉर्निशने गेला! आज पहाटे मी लिहिलंय!"

मग काय विचारता! "काय?" "अरे गाढवा!" "कुणी दिलं याच्या हातात?" "ब्रश टाकून देणार होतास ना, टाक!" डॉक्टर तर इतका लाल झाला की त्यालाच तपासायची वेळ आली. पेंटर मान खाली घालून उभा. चाळीस वर्षांपूर्वी वर्गात उभा राहायचा, तस्सा!

"गप बसा सगळे!"

दारातून मामांचा आवाज आला. मामा पुढे आले आणि काकूंना म्हणाले, "बाई, मी सांगू का आता?"

काकूंनी मान हलवली.

"सरांचा हात दोन वर्षं थरथरत होता. खडू धरवत नव्हता. मुलांना कळू नये म्हणून सर शाळा भरायच्या आधी यायचे, तोंडाने सांगायचे आणि फळा मी लिहायचो. त्या दिवशीचाही मीच लिहिला. तुम्ही महिनाभर ज्याच्याकडे बघून रडत होता ना, ते माझं अक्षर होतं. तुम्ही सगळी रडायला लागलात, मग मला सांगायचा धीर झाला नाही."

सरांचं अक्षर घोटलेल्या पेंटरलाही भरल्या डोळ्यांनी ते कळलं नव्हतं. हजारात अक्षर ओळखणारा डॉक्टर चष्मा पुसायला लागला, आणि बराच वेळ पुसत राहिला.

काकू मात्र फळ्याकडेच बघत होत्या. "हे खरं त्यांचं," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी मला पत्रं लिहायचे, तेव्हाचं. हात जाण्याआधीचं. दोन वर्षं झाली रे, मी हे अक्षर बघितलं नव्हतं." आणि त्या आपल्या उभ्याउभ्या रडायला लागल्या. पेंटर त्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. कार्यक्रमपत्रिकेतली भाषणं राहिली ती राहिलीच.

निघताना काकूंनी त्याला बाजूला घेतलं.

"एक काम करशील? हात चालत होता तोवर दर सोमवारी वाण्याची यादी ते लिहायचे. मी सांगायचे, ते लिहायचे. तेवढी येऊन लिहून देशील?"

"देईन काकू! जन्मभर देईन!"

सोमवारी पेंटर नवा शर्ट घालून गेला. काकूंनी चहा दिला, एकेक जिन्नस सांगितला, आणि पेंटरने जीव ओतून, सरांच्या अक्षरात, एकाखाली एक यादी उतरवली. काकूंनी कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. किती वेळ त्यावरून बोट फिरवत राहिल्या. पेंटरला वाटलं, आता 'उत्तम' ऐकायला मिळणार.

"अक्षर हुबेहूब त्यांचं आहे," काकू म्हणाल्या, "पण साबण राहिला, साखर दोनदा आलीय. पुन्हा लिही."